लोखंडी जहाजावरून चुंबक मोजताना

नमस्कार मंडळी. नाशिककरांना मोजमाप शिकवायला मी आलेलो नाही. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, हे तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलात. पण समजा, पुराबरोबर मारुतीच वरखाली व्हायला लागला तर? समुद्रावर चुंबकक्षेत्र मोजणाऱ्याची हीच पंचाईत असते. तो उभा असतो ते जहाजच लोखंडाचं.

हे होकायंत्र बघा. आता हा पाना जवळ आणतो... फिरली सुई. पुढच्या रांगेला दिसलं, मागच्यांनी विश्वास ठेवावा. पाना म्हणजे लोहचुंबक नव्हे, पण पृथ्वीच्या क्षेत्रात तोही थोडा चुंबक होतो. जहाजाचं तसंच. तोंड उत्तरेला असताना त्याचं चुंबकत्व वेगळं, पूर्वेला वळलं की वेगळं. शिवाय एक कायमचं असतं. गोदीत ज्या दिशेला तोंड करून पत्रे ठोकले, ती दिशा लोखंडात मुरून बसते.

मॅथ्यू फ्लिंडर्स हा ब्रिटिश दर्यावर्दी १८०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे करायला निघाला. जहाजाचं तोंड बदललं की सुईची चूकही बदलते, हे त्यानं चिकाटीनं तपासलं. होकायंत्रापाशी बसवतात ती उभी लोखंडी कांब आजही त्याच्या नावानं ओळखतात.

वाट शोधायला एवढं पुरतं. मोजायला नाही. नॅनोटेस्ला हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या वर, आणि त्यात आम्ही शोधतो काही शे, कधी दहा-वीस नॅनोटेस्लांचा फरक. कुलाब्याच्या वेधशाळेचंच बघा ना. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेनं नोंदी बिघडणार, म्हटल्यावर चुंबकीय नोंदींचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. जमिनीवर असं बिऱ्हाड हलवता येतं. जहाज मात्र आपली ट्राम पोटात घेऊनच फिरतं!

म्हणून १९०९ मध्ये अमेरिकेत ‘कार्नेगी’ नावाचं लाकडी जहाज बांधलं. खिळे-पट्ट्या तांब्याच्या, काशाच्या. नांगरसुद्धा काशाचे, आणि त्यांना साखळीऐवजी दोरखंड. वीस वर्षं ते जगभर मोजत हिंडलं. १९२९ मध्ये सामोआतल्या आपिया बंदरात पेट्रोल भरताना स्फोट झाला, त्यात कप्तानही गेले.

आता मोजायचं यंत्रच लांब केबलला बांधून जहाजामागून पाण्यात ओढतात. आम्ही त्याला ‘फिश’ म्हणायचो. इथे गणित आपल्या बाजूला आहे: अंतर दुप्पट केलं की जहाजाचा परिणाम ढोबळमानानं आठवा हिस्सा, तिप्पट केलं की सत्ताविसावा. म्हणून जहाजाच्या लांबीच्या निदान दोन-तीन पट केबल सोडायची. एकदा एकाच रेघेवर जातानाचे आणि येतानाचे आकडे काही केल्या जुळेनात. यंत्र उघडलं, बॅटऱ्या बदलल्या, एकमेकांवर चिडून झालं. पहाटे कळलं, कोळ्यांच्या जाळ्यांत अडकेल या भीतीनं कोणीतरी केबल निम्मीच सोडली होती. तो कोणीतरी मीच, हे मी तेव्हा लगेच सांगितलं नाही.

उरलासुरला परिणाम काढायला एकाच बिंदूवरून वेगवेगळ्या दिशांनी जहाज नेतात आणि फरक मांडतात. सूर्यामुळे क्षेत्र दिवसभरात हलतं, तेही वजा करायचं. त्यासाठी किनाऱ्यावरच्या केंद्राच्या नोंदी लागतात.

एवढा खटाटोप कशाला? १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजानं हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर असंच मोजमाप केलं. त्यावरून वाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी पुढच्याच वर्षी मांडलं की समुद्रतळ मधून फाटत जातो, तिथे लाव्हा थिजतो आणि पृथ्वीचं त्या वेळचं चुंबकत्व जपून ठेवतो. कधी सुलटं, कधी उलटं. तो खडक कोणता? बेसाल्ट. पांडवलेणी ज्यात कोरली, त्याच जातीचा. आपल्या सह्याद्रीतला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या बऱ्याच थरांत उत्तर-दक्षिण उलटी नोंदलेली आहे.

आणि हो, पाना केव्हाच खिशात ठेवला, तरी ही सुई अजून उत्तरेला येत नाहीये. माइकचा स्टँड जरा पलीकडे घ्या बरं कोणीतरी.