मार्जारमिनांचे बंदिस्त प्रजनन: इंजेक्शनाच्या पलीकडे

पुण्याच्या संगमावर मुळा आणि मुठा एकत्र येतात आणि पुढे भीमेला मिळतात. या खोऱ्यातील माशांची ओळख शास्त्राला फार पूर्वीच झाली. कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने 1839 साली प्रसिद्ध केली आणि त्यांपैकी एक मार्जारमीन (कॅटफिश), म्हणजे मिशीवाला, बिनखवल्यांचा मासा, सिलोनिया चिल्ड्रेनी, आज धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. बिहारचा राज्यमासा असलेला देशी मांगूरही त्याच यादीत आहे. नदीवरची धरणे, वाळूउपसा आणि शहराचे सांडपाणी यांनी अशा माशांचे विणीचे मार्ग आणि जागा हिरावून घेतल्या, म्हणून त्यांची पैदास टाक्यांमध्ये करण्याचा विचार पुढे आला.

अडचण अशी की टाकीतल्या मादीच्या अंडाशयात अंडी तयार होतात, त्यांत बलक भरतो आणि तिथेच सारे थांबते. नदीत पावसाचे पहिले पाणी चढते, भातखाचरे तुडुंब भरतात, पाण्याचे तापमान आणि क्षारता बदलते. टाकीत यातले काहीच घडत नाही. मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) हा भाग त्याखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला विणीसाठी जो रासायनिक निरोप पाठवतो तो अपुरा पडतो आणि डोपामीन हे द्रव्य त्या ग्रंथीला रोखून धरते. परिणामी अंड्यांची अखेरची पक्वता होत नाही आणि कालांतराने ती शरीरातच शोषली जातात. आज वापरले जाणारे इंजेक्शन दोन्ही बाजूंनी काम करते: त्यातील कृत्रिम संप्रेरक अधश्चेतकाचा निरोप देते आणि डोम्पेरिडोनसारखे औषध डोपामीनचा अटकाव दूर करते. पूर्वी मेलेल्या माशांच्या पीयूषिका काढून, वाटून त्यांचा अर्क टोचत असत. एल. एस. रामस्वामी आणि बी. आय. सुंदरराज यांनी भारतीय मार्जारमिनातील प्रेरित प्रजननाचे काम 1956 मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे रोहूसारख्या देशी कार्प माशांवरील 1957 च्या गाजलेल्या यशाच्या आदल्याच वर्षी. या कामाची आठवण त्या मानाने कमी काढली जाते, याची खंत वाटते.

प्रत्यक्ष काम पाहू. पोट मऊ आणि फुगलेले, जननांकुर (जननछिद्राजवळचा उंचवटा) गोलसर, अशी मादी निवडली जाते. नराचा अंकुर लांबट आणि टोकदार असतो. पाठीच्या पराखालच्या स्नायूत सुई टोचली जाते. देशी मांगुरात साधारण 14 ते 17 तासांनी मादीचे पोट हलक्या हाताने दाबले की तपकिरी, चिकट अंडी कोरड्या भांड्यात उतरतात. नराचे पोट कितीही दाबले तरी पुरेसे शुक्रद्रव येत नाही, त्यामुळे त्याचे पोट उघडून वृषण काढावे लागतात, ते कात्रीने बारीक करून 0.9 टक्के मिठाच्या द्रावणात मिसळले जातात आणि पिसाने अंड्यांवर फिरवले जातात. सुमारे 24 तासांत जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू, बाहेर येते. तीन-चार दिवसांत बलक संपला की त्याला जिवंत खाद्य लागते, आणि ते वेळेवर न मिळाल्यास भावंडे भावंडांना खातात.

जो मासा वाचवायचा, त्याचाच नर मारावा लागतो. बाजारासाठीच्या बीजोत्पादनात हे चालून जाते. संकटग्रस्त प्रजातीत प्रत्येक नर हा मोजक्या वंशांपैकी एक असतो. म्हणून एकाच नराच्या वृषणांतून अनेक माद्यांची अंडी फलित करण्याची सोय इथे धोक्याची ठरते, कारण सगळी पिल्ले एकाच बापाची होतात. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश सेल्सिअसला, शुक्राणू साठवून ठेवले तर एका नराचा वंश पुढच्या हंगामांतही वापरता येतो.

केरळात मंजकूरी या संकटातल्या मार्जारमिनाचे असे प्रजनन करून पिल्ले नदीत सोडण्यात आली आहेत. भीमेच्या खोऱ्यात याची नक्कल करण्याआधी भीमेवरील उजनी धरणाच्या परिसरातील आफ्रिकन मांगुराकडे पाहावे लागेल. त्याच्या संवर्धनावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली, तरीही तो तळ्यांतून वाढवला जात राहिला. हा खादाड मासा देशी माशांचा फडशा पाडतोच, शिवाय त्याचा देशी मांगुराशी संकर होतो आणि संकरित पिल्लू नुसत्या नजरेने ओळखणे कठीण असते. त्यामुळे प्रजनक माशांचा डीएनए तपासल्याखेरीज त्यांना टोचण्यासाठी सुई हातात घेऊ नये, आणि नदीत सोडायची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) त्याच खोऱ्यातल्या माय-बापांची असावी.