आत्याचा ळ कुठे गेला?

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. प्लास्टिकच्या डबीत एक सीडी. तिच्यावर निळ्या मार्करने लिहिलंय: ओव्या – फायनल.]

ही सीडी २००३ सालची. आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या आत्याने वहीत उतरवून घेतल्या होत्या. साताऱ्यात एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या, दोनशे प्रती काढल्या, नात्यागोत्यात वाटल्या. वही पुढे एका पावसाळ्यात माळ्यावर भिजली. पुस्तकाची एक प्रत घरात राखून ठेवली होती, ती कुणीतरी 'वाचून देतो' म्हणून नेली. पण आत्या निर्धास्त होती. "कॉम्प्युटरमध्ये आहे ना? मग झालं तर."

गेल्या वर्षी पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं. सीडी चालेल असा ड्राइव्ह शोधण्यात आठवडा गेला, कारण आता लॅपटॉपला ती खाच नसतेच. शेवटी शेजारच्यांचा जुना डबा मिळाला. फाइल उघडली.

[दृश्य: पडदाभर इंग्रजी अक्षरं. मधेच कंस, डॉलर, अर्धविराम. पान हळूहळू खाली सरकतं.]

पान १ ते पान ८४, सगळं असंच. आत्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "माझ्याच हातून काही दाबलं गेलं का गं?"

हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. यंत्र बिघडलं की यंत्राला कुणी बोलत नाही. आई स्वतःला बोलते, आजोबा स्वतःला बोलतात.

आत्याच्या हातून काहीच दाबलं गेलं नव्हतं. फाइल अगदी धडधाकट होती. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, एवढंच.

[दृश्य: कीबोर्ड जवळून. एक बोट पाच बटणं दाबतं.]

कृतीदेव नावाचा फॉन्ट उत्तर भारतात आणि आपल्याकडेही गावोगावी पोचला. त्यात 'मराठी' लिहायचं तर ई, जे, के, बी, एच ही बटणं दाबायची. ई दाबलं की म दिसतो, जे म्हणजे र, के म्हणजे काना, कॅपिटल बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. डोळ्यांना मराठी दिसते. संगणकाला विचाराल तर तो म्हणेल, माझ्याकडे ई, जे, के, बी, एच आहे. इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेत, असं समजा. तो फॉन्ट मशिनवर नसला की मुखवटे गळून पडतात आणि खालचं उघडं पडतं.

आणि मुखवटे सगळ्यांचे एकसारखे असते तरी चाललं असतं. पण प्रत्येक कंपनीने आपापला नकाशा काढला. एकीकडे के म्हणजे काना, दुसरीकडे के म्हणजे भलतंच काही. काही पॅकेजांना संगणकाच्या पाठीत डोंगल, म्हणजे किल्लीसारखा एक तुकडा, खोचावा लागायचा. तो नसला की फॉन्ट बंद, आणि फॉन्ट बंद म्हणजे तुमचाच मजकूर तुम्हाला बंद.

आता गंमत अशी की यावर उपाय तेव्हा निघालेला होता, आणि त्याचा बराचसा भाग आपल्याच देशात निघालेला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ साली पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणक संस्था स्थापन झाल्यावर तिथे आलं. इस्की नावाची भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोचं अधिकृत मानक झाली. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा, म्हणजे स्वतःचं घर, देणारी प्रणाली म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. तिच्यात देवनागरीला १२८ घरं मिळाली, आणि त्या घरांचा क्रम इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतलेला होता. म्हणजे रस्ता बांधून तयार होता. गाडी मात्र पुढची दहा-पंधरा वर्षं शेतातूनच चालली.

[दृश्य: पुणे, नारायण पेठ. जिन्याखालचं डीटीपीचं दुकान. भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने.]

का, ते या दुकानात कळतं. इथले काका तीस वर्षं पत्रिका, अहवाल आणि दिवाळी अंकांची पानं लावतात. मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिलेला हात; पाहत राहावं असा चालतो. ते म्हणतात, "गिऱ्हाइकाला पत्रिका परवा हवी असते. त्याला युनिकोडचं काय सांगता?"

आणि खरंच, त्यांना दोष देता येत नाही. पानं लागायची पेजमेकर नावाच्या सॉफ्टवेअरवर. त्याची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली आली आणि तिलाही युनिकोड कळत नव्हतं. विंडोजला देवनागरी पहिल्यांदा जमली ती २०००च्या आवृत्तीत. एक्सपीमध्ये तर ती सोय मुळात बंद असायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा आणि थाई यांच्या पंगतीत एका चौकटीत टिचकी मारायची. मग संगणक म्हणायचा, आता विंडोजची सीडी घाला. ती सीडी किती जणांकडे होती, हे तुम्हीही जाणता आणि मीही जाणते. उलट मुखवट्यांचा फॉन्ट कुठेही चालायचा. सॉफ्टवेअरला वाटायचं, इंग्रजीच तर आहे.

काकांनी आत्याच्या फाइलकडे चष्म्यावरून पाहिलं. गचाळ अक्षरांच्या त्या पानाकडे पाहून पाच सेकंदांत म्हणाले, "के फार दिसतोय. काना असणार. टाइपरायटरच्या घराण्यातला फॉन्ट आहे, काढू."

[दृश्य: कोपऱ्यात कापडाने झाकलेला जुना संगणक. काका कापड काढतात, आधी झटकतात, मग बटण दाबतात.]

हे मशिन एक्सपीवर चालतं. इंटरनेटला जोडलेलं नाही आणि जोडायचंही नाही, असा इथला दंडक आहे. जुन्या फाइली घेऊन येणाऱ्यांसाठी ते ठेवलंय. दोन तासांनी आत्याला पडद्यावर स्वतःच्या आईच्या ओव्या दिसल्या, आणि ती काही बोलली नाही.

पण पडद्यावर दिसणं वेगळं आणि हाती लागणं वेगळं. मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर कन्व्हर्टरमधून काढायला हवा. हे काम वाटतं तितकं सरळ नाही. 'किती' शब्द घ्या. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग क. टाइपरायटरवर आणि या जुन्या फॉन्टांत वेलांटी आधीच दाबतात. युनिकोड मात्र तोंडाच्या क्रमाने चालतं: आधी क, मग वेलांटी. रफार तर याच्या उलट. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून अक्षराच्या नंतर न्यायची आणि प्रत्येक रफार उचलून अक्षराच्या आधी. मधे जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गोंधळतो.

आमचा कन्व्हर्टर एकाच ठिकाणी गोंधळला, पण कसा!

[दृश्य: छापील पान. आत्याचं बोट एकेका ओळीवरून फिरतं.]

दण. सका. बा. मा. सावा विठ्ठल.

ळ नाही. चौऱ्याऐंशी पानांत कुठेही ळ नाही. बहुधा हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेला प्रोग्राम असावा. ळ आला की गिळून पुढे जात होता. आता जात्यावरच्या ओव्यांतून ळ काढला तर काय उरतं, सांगा. दळण गेलं, सकाळ गेली, बाळ गेलं, आणि विठ्ठलाचा रंगही गेला.

मराठीची अशी तीन-चार अक्षरं आहेत, जी यंत्राच्या हिशेबात नेहमी शेवटी येतात. ॲ घ्या. ॲप, ॲडमिशन, ॲम्ब्युलन्स. दिवसातून दहा वेळा लागतो. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं ते २००८ साली. तोवर अ लिहून वर चंद्र चिकटवायचा आणि तो तिथेच टिकेल अशी प्रार्थना करायची. टिकला नाही की शेजारी ठिपक्यांचं एक वर्तुळ येऊन बसायचं.

आणि ऱ. आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी, हा फरक शाळेत शिकवतात. तो संगणकाला दोन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगता येतो. एकात खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, असलेला ऱ वापरतात. दुसऱ्यात साध्या र पुढे हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधायला जा, एक सापडतो, दुसरा नाही. आमच्या फाइलमध्ये काकांनी टाइप केलेला 'दुसऱ्या' एका जातीचा निघाला आणि मी दुरुस्त केलेला दुसऱ्या जातीचा. अर्धा तास मी फाइल बिघडली असं समजून बसले होते.

फोनवर आलं की आणखी एक हिशेब. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतात. डोळ्याला 'ज्ञानेश्वर' चार अक्षरांचा. एसएमएसच्या लेखी दहा. मेसेजला पैसे पडायचे त्या काळात लोक इंग्रजी लिपीत मराठी का लिहू लागले, याची खूप भावनिक कारणं सांगितली जातात. मला हे आकडे पुरेसे वाटतात. व्हॉट्सॲप आलं, अक्षरांचे पैसे गेले, सवय राहिली.

[दृश्य: आत्याचं घर, दुपार. टेबलावर छापील पानं, लाल पेन, चहाचा रिकामा कप.]

ळ परत आणायला दुसरा कन्व्हर्टर वापरता आला असता. आम्ही वापरून पाहिला. त्याने ळ दिला आणि श्र घेतला. मग आत्या म्हणाली, "राहू दे. आण इकडे ती कागदं."

ती नुसतं वाचत नाही. वाचून कळत नाही म्हणते. 'का' दिसलं तर ते काळ आहे, काळा आहे की नुसतं का आहे, कसं कळणार? म्हणून ती ओवी म्हणते, हळू आवाजात, उजवा हात टेबलावर गोल फिरवत. ळ आला की हात थांबतो आणि पेन चालतं. दिवसाला पाच-सहा पानं होतात. एका ओवीपाशी ती दोनदा अडली, मग म्हणाली की इथे चूक कॉम्प्युटरची नाही, २००३ सालीच डीटीपीवाल्याने चुकवली होती आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं.

सतरा दिवसांनी पानं पुन्हा नारायण पेठेत. काकांनी दुरुस्त्या घातल्या, या वेळी युनिकोडमध्ये, आणि फाइल प्रेसला पाठवायला घेतली. नाव देताना त्यांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: ओव्या फायनल तीन.

आत्या मागून बघत होती. "मराठीत का नाही देत नाव?"

"मराठीत दिलं की पलीकडच्या मशिनवर कधी कधी चौकोन दिसतात, काकू."

"आणि आतलं?"

"आतलं बरोबर दिसेल."

आत्याने पर्स उघडून लाल पेन आहे ना, ते पाहिलं. "मी येते प्रेसमध्ये," ती म्हणाली.