कंपनीला वाटलं हा डेमो आहे: विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’

1975 साल. कोलंबिया रेकॉर्ड्सच्या न्यू यॉर्कच्या ऑफिसात टेप लावलीय. एक गिटार, मध्येच पियानो, कुठेतरी माउथ ऑर्गन, आणि एक माणूस जवळजवळ बोलल्यासारखा गातोय. टेप संपली. कंपनीवाल्यांचं म्हणणं काय, तर डेमो (नमुन्याची कच्ची टेप) बरा झालाय, आता खरा अल्बम कधी करताय?

खरा अल्बम तोच होता.

नमस्कार. आज ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’बद्दल. गाणारा विली नेल्सन, वय 42, गाव टेक्ससमधलं ॲबट.

कंपनीवाल्यांना हसण्याआधी एक लक्षात घ्या. त्या काळात कंट्री संगीत, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं, म्हणजे नॅशव्हिल शहर, आणि नॅशव्हिलची एक ठरलेली पद्धत होती. गायक गाणार, वाजवायला स्टुडिओचे पगारी वादक, वरून व्हायोलिनांचा ताफा आणि मागे कोरस. निर्माता म्हणेल तसं. ही पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही. 1961 मध्ये पॅट्सी क्लाइनने गायलेलं ‘क्रेझी’ याच पद्धतीचं, आणि ते आजही अंगावर काटा आणतं. ते लिहिलं होतं विलीनेच! म्हणजे गीतकार म्हणून तो नॅशव्हिलला हवा होता. गायक म्हणून त्याचं काय करायचं, ते मात्र कुणाला कळत नव्हतं.

का? सांगतो. तुम्ही पायाने ठेका धरा. (टेबलावर ठेका) एक, दोन, तीन, चार. आता साधा गायक शब्द बरोबर ठेक्यावर टाकेल. विली टाकत नाही. तो मागे रेंगाळतो, वाटतं की आता चुकला, आणि मग दोन शब्द घाईने म्हणून अलगद जागेवर येतो. लयीशी लपंडाव. आता याच्यामागे वीस व्हायोलिनं लावा. ती थांबणार आहेत का त्याच्यासाठी? त्याच्या गाण्याला मोकळी जागा लागते, आणि नॅशव्हिल ती जागा भरून टाकत होतं.

कंटाळून तो टेक्ससला परतला. केस वाढवले, ऑस्टिनमध्ये हिप्पी आणि काऊबॉय एकाच हॉलमध्ये बसून त्याला ऐकायला लागले. मग कोलंबियाशी करार झाला, आणि त्यात एक कलम होतं: अल्बममध्ये काय असेल, कसं वाजेल, हे विली ठरवणार. माझ्या मते या अल्बमची सगळी गोष्ट त्या एका कलमात आहे. बाकीचं बंडखोरी वगैरे नंतर पोस्टरवर आलं.

आता अल्बम. 1950च्या दशकात विली रेडिओवर निवेदक होता, तेव्हा तो ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ नावाचं गाणं लावायचा. पुढे घरी मुलांना झोपवताना तेच म्हणायचा. कोलोरॅडोहून ऑस्टिनला गाडीने येताना बायको कोनी म्हणाली, या गाण्याचाच अल्बम कर ना. गाडीतच आराखडा झाला. त्या एका गाण्याच्या पुढेमागे त्याने आख्यान रचलं. 1901 साल. एका धर्मोपदेशकाची बायको दुसऱ्याबरोबर जाते. हा दोघांना गोळ्या घालतो आणि घोड्यावरून भटकत राहतो. वाटेत एक बाई त्याच्या मेलेल्या बायकोच्या घोड्याला हात लावते, म्हणून तो तिलाही मारतो, आणि कायदा त्याला सोडून देतो. घोडाचोर होती ना! हे आज ऐकताना खटकतं, आणि खटकायलाच हवं. मुलांना झोपवायला हे गाणं, हेही एक आश्चर्यच.

जानेवारी 1975. डॅलसजवळ गारलंड नावाच्या गावात ऑटम साउंड हा नवा स्टुडिओ. वादक सगळे घरचे: पियानोवर सख्खी बहीण बॉबी, माउथ ऑर्गनवर मिकी राफाएल, ड्रम्सवर पॉल इंग्लिश, बासवर बी स्पीअर्स. विलीच्या हातात ‘ट्रिगर’, नायलॉनच्या तारांची मार्टिन गिटार. ती बोटांनी वाजवायची, हा प्लेक्ट्रमने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने वाजवतो, म्हणून आज तिच्या लाकडाला भोक पडलंय. काही दिवसांत काम आटोपलं, खर्च काही हजार डॉलर.

आणि याच टेपवर डेमोचा शिक्का बसला. विलीचा दोस्त, गायक वेलन जेनिंग्ज त्या बैठकीत कंपनीच्या साहेबांवर भडकला, असा किस्सा सांगतात. पण भडकून काय होतं, कलम होतं म्हणून टेप जशीच्या तशी मे 1975 मध्ये बाजारात आली.

त्यातलं ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ ऐका. गंमत बघा, गाणं फ्रेड रोझचं, म्हणजे नॅशव्हिलच्या सगळ्यात वजनदार प्रकाशकांपैकी एकाचं, आणि रॉय एकफने ते 1947 मध्येच गायलेलं. नवं काहीच नाही. पण इथे ते बायकोला मारून बसलेल्या माणसाच्या तोंडी येतं. शब्द तेच, विरहगीताचं पश्चात्तापाचं गाणं झालं. वाद्यं इतकी कमी, की विलीचा श्वास ऐकू येतो. कंट्रीच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, गायक म्हणून विलीचं हे पहिलंच. पॉपच्या यादीतही 21 पर्यंत चढलं, ग्रॅमीही मिळालं. अल्बमही कंट्रीत पहिला आला आणि पुढे अमेरिकेत वीस लाखांच्या वर खपला.

ऐकायचा तर शफल बंद करून ऐका, साधारण अर्ध्या तासाचं काम आहे. आणि शेवटचा ट्रॅक सोडू नका. त्यात शब्द नाहीत, नुसती वाद्यं, आणि त्याचं नाव ‘बँडेरा’. नॅशव्हिलजवळचं विलीचं घर जळालं, त्या आगीतून त्याने ट्रिगर बाहेर काढली, आणि मग टेक्ससमधल्या ज्या गावी तो राहायला गेला, ते गाव बँडेरा.