शेवयाएवढा तुकडा

परळ, सकाळचे सात. फुटपाथवर रात्र काढलेली माणसं चादरींच्या घड्या घालताहेत. फायलींची पिशवी सांभाळत एक मुलगा वडिलांना म्हणतो, "अण्णा, हात दाखवा यांना." तळहाताच्या रेषा शाईनं गिरवल्यासारख्या काळ्या पडल्यात. उभं राहिलं की अण्णांना चक्कर येते, रात्री घामानं बनियन भिजतो.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या ॲड्रिनल ग्रंथी. त्या निकामी झाल्या की कातडी काळवंडते, हे लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्येच लिहून ठेवलंय.

सीटीत दोन्हीकडे मोठ्या गाठी. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तच आहे. पण निव्वळ संशयावर अण्णांनी पाच महिने गोळ्या खाल्ल्या. तपासणीसाठी गाठीचा तुकडा कुणी काढलाच नाही. घरचेही बिचकले होते, सुई लागली की गाठ पसरते म्हणून. अण्णांना शेवटी निघाला तो लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग. तो सुईनं पसरत नाही, हे त्यांना तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं.

आधी मेटॅनेफ्रिनची, म्हणजे ॲड्रिनलिनपासून बनणाऱ्या द्रव्यांची तपासणी. गाठ फिओक्रोमोसायटोमाची, म्हणजे ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडणारी निघाली तर सुईनं रक्तदाब भडकू शकतो. ती शंका फिटली की पालथं झोपवून, सीटीत बघत पाठीतून सुई. हातात येतो शेवयाएवढा तुकडा.

तो फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग मेणाच्या ठोकळ्यात बसतो. मायक्रोटोम या काप पाडणाऱ्या यंत्राच्या पात्यावरून तीन-चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तीन-चार हजारांशांचा काप सुटतो. कोमट पाण्यावर सायीसारखा तरंगणारा हा काप पाहा. तंत्रज्ञ ताई श्वास रोखून ब्रशनं त्याची सुरकुती काढतात, खालून काच सरकवतात, अलगद उचलतात. सीडी20 या बी-पेशींवरच्या प्रथिनाला दाखवणारा रंग चढतो आणि पेशींच्या कडा तपकिरी होतात. निदान: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, बी-पेशींचा कर्करोग. ॲड्रिनलमध्येच सुरू झालेला लिम्फोमा बहुधा याच जातीचा असतो. नॉन-हॉजकिन या लिम्फोमाच्या मोठ्या गटातल्या शंभर रुग्णांत असा एकही सापडत नाही, इतका तो विरळा.

उपचार आर-चॉप, म्हणजे पाच औषधांची एकत्रित केमो, दर 21 दिवसांनी, साधारण सहा वेळा. त्यातलं रिटुक्सिमॅब नेमकं त्या सीडी20 लाच धरतं. आजार मेंदूत शिरू नये म्हणून अनेकांना मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध. कुणी बरं होतं, कुणाचा आजार उलटतो.

निकामी ग्रंथींची उणीव भरून काढणारं हायड्रोकॉर्टिसोन मात्र बहुतेकांना जन्मभर. दादरच्या धर्मशाळेत मुलगा उशाशी कागद चिकटवतोय: ताप आला तर डोस दुप्पट, उलट्या झाल्या तर थेट कॅज्युअल्टी.