वही नसलेलं घर

नमस्कार मंडळी. आधी हा फोटो नीट बघा. न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. आजूबाजूला टोलेजंग इमारती आणि मध्ये चेपून उभं राहिलेलं एक जुनं विटांचं घर, खालच्या अंगाला दुकानाचा दर्शनी भाग चिकटवलेला. पत्ता, 227 डफिल्ड स्ट्रीट.

1851 पासून इथे हॅरिएट आणि थॉमस ट्रूस्डेल हे जोडपं राहायचं. दोघंही गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत मुरलेले. आदल्याच वर्षी कायदा आला होता: पळून आलेल्या गुलामाला आसरा दिलात, तर सहा महिने कैद आणि 1000 डॉलर दंड. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली ना, ती अशी माणसं.

आता मला सांगा, अशा दिवसांत वही कोण ठेवेल? रात्री तळघरात कोण निजलं, पहाटे कुठल्या वाटेने गेलं, हे लिहिणं म्हणजे त्या जिवाला पकडून देणंच. फिलाडेल्फियात पळून आलेल्यांना मदत करणाऱ्या विल्यम स्टिल यांनी त्यांच्या नोंदी ठेवल्या, पण त्यांनाही त्या लपवाव्या लागल्या.

आणि दीडशे वर्षांनी शहराने या घराकडे कागद मागितला! पुनर्विकासासाठी जागा हवी होती. अहवाल आला: इथे पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळाल्याचा ठोस पुरावा नाही. घराच्या मालकीण जॉय चाटेल, सगळे त्यांना ‘मामा जॉय’ म्हणायचे, त्या हटल्या नाहीत. शेवटी शहराने माघार घेतली. 2007 मध्ये रस्त्याला ‘अबॉलिशनिस्ट प्लेस’, म्हणजे गुलामगिरीविरोधकांची जागा, हे जोडनाव मिळालं. 2 फेब्रुवारी 2021 ला घर वारसा वास्तू ठरलं, मग शहराने ते विकतही घेतलं.

तेवढ्यात जवळच्या बागेत होणाऱ्या, गुलामगिरीविरोधी चळवळीच्या स्मारकावरून वाद पेटला. कलावंत कमिला जनान रशीद यांची कल्पना होती शब्दांची: पुतळे नाहीत, लोकांना विचारात पाडणारे प्रश्न. कल्पना कसदार आहे, मी नाकारत नाही. पण स्थानिक कार्यकर्ते म्हणाले, आम्हाला माणसं दिसू द्या. मला त्यांचंच पटतं. या घराला आधीच खूप प्रश्न विचारून झालेत. आता तिथे चेहरे हवेत.

दार किलकिलं करून बाहेर बघणारी हॅरिएट हवी. पायरीवर पाय ठेवलेलं, नाव कुठेच न लिहिलेलं एक माणूस हवं.

आणि मामा जॉय हव्यातच. त्या 2014 मध्ये गेल्या. वारसा दर्जा मिळाला, तो बघायला त्या नव्हत्या.