जोसकँ गेला आणि जास्तच लिहायला लागला

आज बोलायला विषय दिलाय कॉम्प्युटर आणि रेनेसान्सचं, म्हणजे युरोपातलं पंधराव्या-सोळाव्या शतकाचं संगीत, त्यावर येतोच, पण आधी त्या काळचा रचनाकार जोसकँ दे प्रे सांगू द्या. हा माणूस १५२१ साली गेला. त्याच्या हयातीतच, १५०२ मध्ये, व्हेनिसच्या पेत्रुच्ची या मुद्रकाने नुसत्या त्याच्या ‘मास’चं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या गायनरचनांचं पुस्तक छापलं होतं, एकाच रचनाकाराच्या मासचं असं छापील पुस्तक ते पहिलंच. एवढं नाव झाल्यावर पुढे काय होणार? ज्याला त्याला आपल्या वहीतल्या गाण्यावर जोसकँचं नाव हवं. १५४० साली गेयॉर्ग फोर्स्टर हा जर्मन गीतसंग्राहक लिहितो की कुणी एक थोर गृहस्थ म्हणायचे, जोसकँ जिवंतपणी करायचा त्याहून जास्त रचना आता मेल्यावर करतोय! हसलात ना, मीही पहिल्यांदा वाचून खूप हसलो होतो. ‘तुका म्हणे’ जोडलेले प्रक्षिप्त अभंग आठवा, तीच गत. मग खरं कुठलं आणि चिकटवलेलं कुठलं?

इथे मशीन कामाला येतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेसिम्बॉलिक नावाचं सॉफ्टवेअर झालंय, ते गाण्याची फाइल घेऊन मोजत बसतं, सुरांच्या उड्या केवढ्या, दोन आवाज बरोबर चालतात की उलटे, कुठली लय किती वेळा, अशी २४६ वैशिष्ट्यं. ते आकडे मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यायचे आणि विचारायचं, हा जोसकँ की त्याच्याच काळातला प्येर द ला र्यू?

आता माझं दुखणं ऐका. मी एकदा दोघांच्या तयार फाइली गोळा केल्या, मॉडेल चालवलं, जवळजवळ सगळं बरोबर! रात्री दीडला बायकोला उठवून सांगितलं. सकाळी बघतो तर मॉडेलचा सगळा भर सुरांच्या लांबीवर, म्हणून दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्या, तर जुन्या लिपीतला सेमीब्रेव्ह, म्हणजे सुराच्या लांबीची एक खूण, एकाने आजची होल नोट म्हणून टाइप केलेला, दुसऱ्याने निम्मा करून हाफ नोट, आणि नेमके जोसकँ एकाकडचे आणि ला र्यू दुसऱ्याकडचे. म्हणजे मशीनने रचनाकार ओळखलाच नव्हता हो, टायपिंग करणारा ओळखला होता! तीच गोष्ट शार्प-फ्लॅटची, म्हणजे सूर अर्धा चढवायच्या-उतरवायच्या खुणांची. त्या काळी सगळे लिहीत नसत, गाणारे आपले आपण लावायचे, आज एक संपादक ते छापतो, दुसरा नाही, आणि मशीन निमूट मोजतं. फाइली कुणी आणि कशा केल्या हे बरेचदा नोंदवलेलं नसतं याचा मला अजून राग येतो.

दहाच मिनिटं उरली म्हणतायत, तर मुद्दा पटकन. मॅकगिलच्या लोकांनी दोन गोष्टी फार चांगल्या केल्या. जोसकँ आणि ला र्यूच्या, ज्यांच्याबद्दल वाद नाही अशाच दोन आवाजांच्या तुकड्यांचा संग्रह केला, सगळा एकाच पद्धतीने टाइप केलेला. आणि दुसरं, मोजण्याआधी जाणकारांचे अंदाज लिहून घेतले, त्यातले काही साफ पडले. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण कान कुठे फसतो ते अशानेच कळतं.

‘अब्सालोन फिली मी’ हे लॅटिन गाणं खूप काळ जोसकँच्या नावावर होतं, आता बरेच अभ्यासक ते ला र्यूचं मानतात. शेवटी रडत पाताळात उतरेन असे शब्द आहेत आणि सगळे आवाज एकेक करत खर्जात उतरत जातात. स्पीकर चालू आहे ना? लावतो.