नाताळाआधीचे चार रविवार

दृश्य: माहीमचं सेंट मायकल चर्च. नोव्हेंबर संपत आलेला बुधवार. फाटकाबाहेर मेणबत्त्यांची दुकानं.

निवेदन:
बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला येणारा माणूस इथे सहसा पांढरी मेणबत्ती घेतो. नोव्हेंबरच्या अखेरीस काही जण वेगळी मागणी करतात: तीन जांभळ्या, एक गुलाबी. ही मागणी आगमनकाळाची.

नाताळाआधीच्या चार रविवारांचा हा काळ. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रेयाचा सण, आणि त्याच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबरच्या आधी येत नाही, ३ डिसेंबरच्या पुढे जात नाही. म्हणून या काळाची लांबी दरवर्षी वेगळी असते: कमीत कमी २२ दिवस, जास्तीत जास्त २८. २०२२ साली नाताळ रविवारी आला आणि पूर्ण २८ दिवस मिळाले. २०२३ साली तो सोमवारी आला, त्यामुळे चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी पडली. २०२६ साली पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. हाती २६ दिवस. दुकानातली चॉकलेटची कॅलेंडरं मात्र दरवर्षी १ डिसेंबरलाच सुरू होतात. त्यांच्या भरवशावर राहिलं तर बहुतेक वर्षी पहिला रविवार हातचा जातो.

दृश्य: चर्चच्या आतली वेदी. जांभळं वस्त्र.

निवेदन:
या काळाचे दोन भाग आहेत. १६ डिसेंबरपर्यंतची वाचनं ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याविषयी असतात. १७ पासून जन्माची कथा सुरू होते. नवख्या माणसाचा इथेच गोंधळ होतो. बाहेर चांदण्या लागलेल्या, आणि पहिल्या रविवारी वेदीवरून ऐकू येतं की जागे राहा, घरधनी कधी परत येईल ते तुम्हाला ठाऊक नाही. हे नाताळचं वाचन वाटतच नाही. नाताळ अजून आलेला नाही, हेच तर सांगायचं असतं.

कॅथलिक चर्चमध्ये या चारही रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत गायलं जात नाही, पण आलेलुयाचा जयघोष राहतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तोही नसतो. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र, कारण त्या दिवसाचा सूर फिलिप्पैकरांस पत्रातला, चौथ्या अध्यायातला: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.

मुंबईत हे सगळे एकाच पद्धतीने पाळत नाहीत. मिस्सा, उपासना, फादर, पाळक हे शब्दच घरागणिक बदलतात. सी.एन.आय.च्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, अँग्लिकन वळणाच्या चर्चमध्ये जांभळा रंग आणि चार रविवारांचे धडे असतात. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्यांत मूळचा भर रंगांपेक्षा वचनावर आणि गाण्यावर. केरळी सीरियन ख्रिस्ती १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास धरतात. लॅटिन रीतीच्या कॅथलिकांना या काळात उपवासाचं असं बंधन नाही. त्यामुळे तयारी करायची की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं आहे, आणि ज्याच्या त्याच्यावर सोडलेली गोष्ट मुंबईच्या डिसेंबरात टिकणं कठीण.

दृश्य: घरातलं टेबल. स्टीलची परात, हिरवी पानं, चार मेणबत्त्या.

निवेदन:
आगमनमाळेपासून सुरुवात करू, कारण ती वेळ पाळायला लावते. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न या पाळकाने अनाथाश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या छोट्या लाल. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? आज घरोघरी त्यातल्या चारच उरल्या आहेत: पहिल्या रविवारपासून एक, मग दर रविवारी आणखी एक लावायची.

मुंबईत सूचिपर्णीच्या फांद्या शोधत बसू नका. फूटभर व्यासाची परात, तळाशी बोटभर ओली वाळू, तीत मेणबत्त्या उभ्या आणि कडेने अशोकाची पानं. ओली वाळू मेणबत्तीही धरते आणि देठांनाही पाणी देते. तरी पानं आठवड्याने वाळतात, म्हणून दर शनिवारी बदलायची. प्लॅस्टिकची हिरवी माळ सोयीची दिसते, पण ती लवकर पेट घेते. परातीच्या बरोबर वर पंखा नको. ज्योत आडवी होते आणि मेणबत्ती एका बाजूने वितळून जाते.

मेणबत्तीच्या लांबीचा हिशेब आधी करावा. रोज पंधरा मिनिटं धरली तर २०२६ च्या २६ संध्याकाळींत पहिली मेणबत्ती साडेसहा तास जळेल, दुसरी पावणेपाच, तिसरी तीन, चौथी फक्त सव्वा तास. पाऊण इंच जाडीची मेणबत्ती तासाला साधारण इंचभर उतरते. म्हणजे वाळूत रुतलेला भाग सोडून पहिली किमान आठ इंचांची हवी. चारही सारख्या उंचीच्या घ्या. शेवटी त्या पायऱ्यांसारख्या दिसतील, आणि ते तसंच अपेक्षित आहे. जांभळ्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांवर जांभळी रिबीन बांधायची, अगदी तळाशी, ज्योत पोचणार नाही तिथे. तिसऱ्या रविवारची रिबीन गुलाबी.

घरची प्रार्थना पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. दिवा मालवणं, मेणबत्ती लावणं, चार-पाच वचनांचं वाचन, तीन मिनिटं शांतता, प्रत्येकाची एक-एक विनंती, शेवटी “हे आमच्या स्वर्गातील पित्या” ही प्रार्थना. तीन मिनिटं घड्याळ लावूनच मोजा, कारण न मोजता सगळेच चाळीस सेकंदांत उरकतात. घरच्या प्रार्थनेचा हा क्रम साधारण दुसऱ्या आठवड्यात मोडतो. याचं एक ठरलेलं कारण असतं: घरातलं कुणी मोठं माणूस वाचनानंतर प्रवचन सुरू करतं. मुलांचे पाय हलायला लागतात, पंधराची तीस मिनिटं होतात, आणि उद्यापासून कुणाला तरी क्लास असतो. वाचणारा रोज बदला आणि वाचल्यावर कुणीच समजावून सांगायचं नाही, एवढा नियम पुरतो.

दृश्य: उघडं बायबल. बोट एका ओळीवर.

निवेदन:
वाचायचं काय? लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय २४, म्हणून १ ते २४ डिसेंबर रोज एक, ही योजना दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरते. ऐकायला नेटकी आहे, पण आगमनासाठी सोयीची नाही. पहिलाच अध्याय ८० वचनांचा, संपूर्ण शुभवर्तमानात सर्वांत लांब. थकून आलेला माणूस तिथेच दमतो. तिसऱ्या दिवशी वंशावळ. आणि २३ डिसेंबरला, घरात करंज्या तळल्या जात असताना, आपण वधस्तंभाशी पोचतो.

त्यापेक्षा पहिला अध्याय आणि दुसऱ्याची पहिली २० वचनं घ्या. ८० आणि २०, नेमकी शंभर. २६ दिवसांत वाटली तर रोज चारच्या आत. कथेचे तुकडेही आपसूक पडतात: जखऱ्या मंदिरात, गब्रीएल नासरेथात, मरीया अलीशिबेच्या घरी, मरीयेचं स्तोत्र, योहानाचा जन्म, जखऱ्याचं स्तोत्र आणि मग बेथलेहेम. जन्म अगदी शेवटच्या पाच-सहा दिवसांत येतो.

या शंभर वचनांत जखऱ्याकडे लोक लक्ष देत नाहीत. तो याजक आहे, बोलणं हेच त्याचं काम. देवदूताचं ऐकून तो पुरावा मागतो आणि त्याची वाचा जाते, ती मुलाचं नाव ठेवण्याच्या दिवसापर्यंत. नाव काय ठेवायचं हे सांगायलाही त्याला पाटी मागावी लागते. मग वाचा परत येते तेव्हा पहिले शब्द स्तुतीचे निघतात. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या शहराने आगमनकाळात सोबतीला कुणी घ्यायचं झालं, तर आमच्या मते जखऱ्याला घ्यावं.

एकट्याने मनन करायचं असेल तर मठांतली जुनी चार पायऱ्यांची पद्धत आहे. बाराव्या शतकात गीगो नावाच्या, कार्थुसियन संघातल्या मठवासीने ती लिहून ठेवली: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी नुसतं देवासमोर असणं. उदाहरणार्थ, लूक १:२६-३८, तेरा वचनं. पहिल्यांदा मोठ्याने वाचा. दुसऱ्यांदा हळू, आणि जो शब्द अडवेल तिथे थांबा. समजा शेवटचं वाक्य अडवतं: मग देवदूत तिच्यापासून निघून गेला. हो म्हटल्यावर लगेच तो जातो. पुढे योसेफाला काय सांगायचं, गाव काय म्हणेल, यातलं काही सांगत नाही. आता आपल्या आयुष्यात कुठे असा होकार देऊन झाला आहे आणि पुढचं काहीच दिसत नाही, ते पाहा. मग त्याविषयी देवाशी बोला, साध्या मराठीत. मग बोलणंही थांबवा. सगळं मिळून वीस मिनिटं.

इथे दोन चुका नेहमीच्या. एक, शब्दाचा अर्थ शोधायला मोबाइल हातात घेणं. अभ्यास चांगलाच, पण त्याची वेळ वेगळी ठेवा. दुसरी, दरवेळी काहीतरी जाणवलंच पाहिजे असा हट्ट. बहुतेक दिवस काही जाणवत नाही. त्या दिवशीही वीस मिनिटं बसायचं असतं.

दृश्य: विरार लोकल, रात्री साडेआठ. एका डब्यात भजनाच्या टाळांचा आवाज.

निवेदन:
ज्याला घरी कोपराच नाही, त्याने गाडीत करावं. भजनी मंडळींनी लोकलमध्ये जागा मिळवली ती काही शांतता पाहून नव्हे. अंधेरी ते बोरिवली एवढ्यात संत इग्नेशियसची पाच टप्प्यांची आत्मपरीक्षा होते: आजच्या एका गोष्टीबद्दल आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवस सकाळपासून पुढे आठवणं, चुकलं तिथे क्षमा मागणं, उद्यासाठी एक ठराव. ठराव मोजता येईल असा हवा. “प्रेमाने वागेन” हा ठराव नव्हे. “उद्या सासूबाईंना डॉक्टरकडे मी नेईन” हा ठराव.

पापनिवेदनाचं, म्हणजे फादरसमोरच्या पापांच्या कबुलीचं, एवढंच सांगायचं की ते २४ तारखेच्या संध्याकाळसाठी ठेवू नका. मुंबईतल्या पॅरिशांमध्ये डिसेंबरात सामुदायिक पश्चात्तापविधी होतात, आजूबाजूचे अनेक फादर एकत्र येतात. त्याची तारीख चर्चच्या फलकावर लागते. ज्यांच्या मंडळीत खासगी निवेदन नाही, त्यांच्यासाठी मत्तय ५:२३-२४ आहे: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी भावाशी समेट कर. नाताळचा फराळ कोणत्या नातेवाइकाकडे जात नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. तिथूनच सुरुवात.

योहान बाप्तिस्मा करणारा लोकांना सांगतो की ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, म्हणजे वापरात असलेला. कपाटाच्या तळाशी पडलेला तो म्हणत नाही. आश्रमाला काही द्यायचं तर आधी विचारा काय हवं, आणि १५ डिसेंबरच्या आत पोचवा. आठवड्याभराने तिथे केकचे ढीग लागतात आणि चादरी कमीच राहतात.

दृश्य: संध्याकाळ. खोताच्या वाडीतला क्रूस, पायथ्याशी दिवे.

निवेदन:
१७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळींसाठी चर्चकडे सात जुनी संबोधनं आहेत. रोज ख्रिस्ताला एका नावाने हाक मारायची: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. प्रत्येकाच्या शेवटी एकच मागणी, ये. ती म्हटल्यावर मरीयेचं स्तोत्र, लूक १:४६-५५. पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांचे आधीचे आठवडे ऑफिसात आणि गायनमंडळाच्या सरावात गेले, त्यांनी निदान इथून धरावं. मागचं भरून काढायचा प्रयत्न करू नये.

याच सुमारास ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा गोठा लागतो. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चोत तो मांडला. मुलांसाठी एक चांगली रीत आहे: गव्हाण रिकामी ठेवायची, आणि कुणासाठी काही केलं की तीत पेंढ्याची एक काडी टाकायची. पेंढा फळवाल्याकडच्या पेटीतला चालतो. कुणाच्या किती काड्या हे विचारायचं नाही, नाहीतर दोन दिवसांत भांडण होतं. बाळ २४ च्या रात्रीच ठेवायचं, आणि मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, ६ जानेवारीपर्यंत खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं.

२४ तारखेला दुपारनंतर स्वयंपाकघर बंद, ही सर्वांत अवघड पायरी. मध्यरात्रीची म्हणून ओळखली जाणारी मिस्सा अनेक पॅरिशांत आता बरीच आधी सुरू होते, तेव्हा वेळ आठवडाभर आधी पाहून ठेवा. निघण्यापूर्वी लूक २:१-२० घरी मोठ्याने वाचा, आणि चारही मेणबत्त्या विझवूनच बाहेर पडा.

वाचन २५ ला थांबत नाही. २६ डिसेंबर हा स्तेफनाचा दिवस, दगडमार सोसून श्रद्धेसाठी मेलेला पहिला रक्तसाक्षी. वेदीवर वस्त्र लाल. २८ ला हेरोद राजाने मारलेल्या बालकांचा दिवस. जांभळी रिबीन सोडून ठेवून द्या, आणि २६ तारखेला प्रेषितांच्या कृत्यांचा सातवा अध्याय उघडा, वचन ५४ पासून.